नववीतली मुलगी अडखळत वाचते. आता उशीर झाला का?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून)

माझी मुलगी नववीत आहे. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी. चौथी-पाचवीची शाळा कोरोनात मोबाइलवरच झाली, म्हणून वाचन कच्चं राहिलं असेल असं शाळेतले सगळे म्हणायचे. आम्हीही तेच धरून चाललो. गेल्या वर्षी वर्गावर नवीन बाई आल्या, त्यांनी तपासणी करून घ्यायला सांगितलं. सरकारी रुग्णालयात चार-पाच खेपा झाल्या आणि वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "लेखनिक मिळेल, जादा वेळ मिळेल, दहावी निघून जाईल. आता वाचनाच्या मागे लागू नका." मिस्टर म्हणतात, "मी पण असाच होतो, माझं काय अडलं?" (त्यांचं दुकान आहे, चांगलं चालतं. बँकेचे कागद मात्र माझ्याकडे सरकवतात.)

मी रोज रात्री जेवणं झाल्यावर तिच्याकडून अर्धा तास पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून घेते. 'प्रशासन'चं 'प्रकाशन' वाचते, 'परिणाम'चं 'परिमाण', 'कार्य'चं 'काय'. मी ओरडते, ती रडते. ऐकलेलं मात्र तिला सगळं कळतं आणि लक्षातही राहतं. वर्गात वाचायची पाळी येणार असली की आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येईल ते मोजून मैत्रिणीकडून आधीच पाठ करून घेते, हे मला परवा कळलं. प्रमाणपत्रात काय लिहिलंय ते तिला सांगितलेलं नाही, बोर्डाचा कागद आहे एवढंच सांगितलंय. वाचन सुधारायची वेळ गेली का? नाद सोडून द्यावा का?

उत्तर

ताई, परिच्छेद मोजण्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. वाचन कुठल्या बाकापासून सुरू झालं, मध्ये कितीजणी आहेत, आज कोण गैरहजर आहे, बाई कोणाला दोन परिच्छेद वाचायला लावतात, हा सगळा हिशेब त्या पोरीने मनातल्या मनात केला. मग मिळालेल्या पाचेक मिनिटांत परिच्छेद कानाने पाठ केला आणि वाचल्यासारखा म्हणून दाखवला. एवढी धडपड निव्वळ लपवण्यासाठी! हिला कष्ट नको आहेत, असं कोणी म्हणालं तर हा प्रसंग सांगा.

वेळ गेलेली नाही. पण खोटी आशाही दाखवणार नाही. या वयात नीट पद्धतीने शिकवलं तर अचूकपणा बराच सुधारतो, मोठे शब्द फोडता येतात, वाचलेल्याचा अर्थ लागू लागतो. वेग त्यामानाने कमी वाढतो. ती पुढेही इतरांपेक्षा सावकाश वाचेल, असं धरूनच चाला. जादा वेळाची सवलत त्यासाठीच असते.

मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सवलती जरूर घ्या. पण 'सवलत घेतली, आता वाचन सोडा' हे काही मला पटत नाही. लेखनिक बोर्डाच्या परीक्षेतल्या पेपरांपुरता. औषधाच्या पाकिटावरच्या सूचना, एसटीची पाटी, बँकेचा मेसेज, घरभाड्याचा करार वाचायला तो सोबत येणार नाही. आणि वाचनाचं काम चालू ठेवलं म्हणून सवलतीचा हक्कही कमी होत नाही. काही शाळांत दबक्या आवाजात 'थोडं थोडं वाचता येतंय ना, मग सवलत कशाला' असं बोललं जातं. तिकडे दुर्लक्ष करा.

आता तुमच्या अग्रलेखाबद्दल. रागावू नका, पण तो आज रात्रीपासून बंद करा. जास्त वाचलं की वाचन सुधारतं, हे आपण सगळे धरून चालतो. ज्याला अक्षरं फोडता येतात त्याच्या बाबतीत ते खरंही आहे. ज्याला ती फोडता येत नाहीत तो अर्धा तास अंदाज बांधण्याचा सराव करतो, आणि तोच पक्का होतो. शिवाय अग्रलेखाची भाषा मोठ्यांनाही जड जाते. रात्री साडेनऊला, दिवसभर शाळा करून दमल्यावर, समोर आई रागावलेली. अशा वेळी मलाही वाचता येणार नाही.

तुम्ही तीन चुका लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत, कारण तिन्ही वेगळ्या जातीच्या आहेत. 'प्रशासन'चं 'प्रकाशन' करताना तिने सुरुवातीचा 'प्र' आणि शेवटचा 'न' बरोबर पकडला, मधलं अंदाजाने भरलं. 'परिणाम'चं 'परिमाण' करताना अक्षरं सगळी वाचली, पण 'ण' आणि 'म' यांची अदलाबदल झाली. 'कार्य'चं 'काय' झालं तेव्हा रफार गळाला. पहिल्या चुकीला शब्दाच्या पोटात बघायची सवय लावावी लागते, दुसरीला एकेका अक्षरावर थांबून क्रमाने उच्चारण्याची, तिसरीला जोडाक्षरांची उजळणी. 'नीट बघून वाच' या एकाच ओरडण्याने तिन्ही कशा सुधारणार?

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून मराठी वाचायला सोपी, असं आपण म्हणतो. बऱ्याच अंशी ते खरं आहे, पण त्यातही खाचखळगे आहेत. पहिली वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी. उकार खाली, मात्रा वर. डोळ्याला सारखं मागे-पुढे, वर-खाली करावं लागतं. बहुतेक मुलांच्या हे तिसरी-चौथीपर्यंत अंगवळणी पडतं आणि मग कळतही नाही. तुमच्या मुलीला आजही प्रत्येक रफाराशी नव्याने झगडावं लागतं. त्यात डोळ्यांचा दोष नाही. शब्दातले आवाज सुटे करणं आणि त्यांची अक्षरांशी गाठ घालणं हे काम मेंदू सावकाश करतो, एवढंच. अध्ययन अक्षमतेच्या या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात. त्याचा बुद्धीशी संबंध नाही.

घरच्या घरी एक तपासणी करा. इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान तुम्ही तिला वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं पान तिला मनात वाचू द्या आणि पुन्हा तीन प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी तीनही उत्तरं आली आणि दुसऱ्या दिवशी एकच, तर अडचण अक्षरं उलगडण्यात आहे, समज शाबूत आहे. तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतं. दोन्ही दिवशी अडली, तर शब्दसंग्रह आणि समज यांवरही काम हवं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे सोप्या गुणाकारात मांडलं होतं : अक्षर उलगडणं गुणिले ऐकून समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही मोठी असली तरी हाती काही लागत नाही. पण दुसरी बाजू मोठी असेल, तर पहिलीत झालेली थोडीशी वाढही चांगली जाणवते. तुमच्या मुलीची दुसरी बाजू मोठी आहे.

अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, शाळेतून आल्यावर खाणं झालं की लगेच. पुढच्या आठवड्यात वर्गात होणाऱ्या धड्यातला शंभर-सव्वाशे शब्दांचा एक उतारा घ्या. आधी तुम्ही नेहमीच्या गतीने वाचा, ती ओळीवरून नजर फिरवेल. मग दोघी एकत्र वाचा. मग ती एकटी. दुसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा, तिसऱ्या दिवशीही तोच. कंटाळवाणं वाटेल, पण तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचा आवाज न अडखळता ऐकू येतो, आणि नववीतल्या मुलीसाठी ते फार मोलाचं असतं. अडली तर मनात चार अंक मोजेपर्यंत थांबा. नाहीच जमलं तर शब्द सांगून टाका, चुकलेल्या भागावर पेन्सिल टेकवा आणि वाक्य पुन्हा वाचू द्या. शंभर शब्दांत चार-पाच चुका चालतील. दहाच्या वर जात असतील तर उतारा जड आहे, तो तुम्हीच वाचून दाखवा. आणि मोठ्या टायपातली ससा-कासवाची पुस्तकं आणू नका. चौदा वर्षांच्या मुलीला तो अपमान वाटतो, आणि तिचं बरोबर आहे.

पंधरातली पाच मिनिटं शब्द फोडण्याला ठेवा. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. नववीच्या इतिहासात बँकांचं राष्ट्रीयीकरण येतं, १९६९ मध्ये चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या तो प्रसंग. 'राष्ट्रीयीकरण' हा शब्द दिसला की अशी मुलं 'रा' म्हणून थांबतात आणि पुढे काहीतरी पुटपुटतात. तिला विचारा, यातला 'ष्ट्र' तू आधी कुठे पाहिलायस? 'महाराष्ट्र'मध्ये! तो शब्द ती पहिलीपासून प्रत्येक पाठ्यपुस्तकावर आणि एसटीवर बघते आहे, चित्रासारखा ओळखते आहे, पण त्याच्या आत ष, ट आणि र असे तिघे दाटीवाटीने बसलेत याकडे तिचं कधी लक्ष गेलेलं नसतं. कागदावर एकाखाली एक लिहा : राष्ट्र, राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण. मग आंतरराष्ट्रीय. पाचपन्नास अक्षरांचा राक्षस वाटणारा शब्द म्हणजे ओळखीच्या शब्दाला लावलेले दोन डबे आहेत, हे दिसलं की भीती कमी होते. 'करण'चा डबा मग खासगीकरण, औद्योगिकीकरण, शहरीकरण असा सगळीकडे सापडतो. विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र यांतले निम्मे अवघड शब्द असेच जोडून बनलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर 'डबे' अशी यादी केली होती : करण, शील, पूर्वक, हीन, त्व. परीक्षेत त्याने 'संवेदनशील' बरोबर वाचला तेव्हा बाहेर येऊन आधी तेच सांगितलं, पेपर कसा गेला ते नंतर.

शब्द वहीत लिहिताना पेन्सिलीने उभ्या रेघा मारू द्या : प्र । शा । स । न. ओळीखाली बोट किंवा पट्टी धरली तर धरू द्या. मोठी झाली म्हणून बोट सोडलंच पाहिजे, असा कुठे नियम आहे?

हे सगळं चालू असताना अभ्यास थांबता कामा नये, आणि इथे बरीच घरं चुकतात. वाचन सुधारेपर्यंत मूल वाचनातून मिळणाऱ्या माहितीला मुकतं, मग शब्दसंग्रह मागे पडतो, मग समजही मागे पडू लागते. म्हणून धडे कानावर पडत राहू द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, अँड्रॉइड फोनमध्ये मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाजही असतो. पण सगळ्यात सोपं म्हणजे तुम्हीच धडा वाचून व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर पाठवा. समोर पुस्तक उघडं ठेवून तिने तो ऐकायचा. प्रत्येक परिच्छेदाला थांबवायचं आणि 'यात काय सांगितलं' ते एका वाक्यात बोलायचं. खालचा स्वाध्याय आधी वाचून घेतला तर काय शोधायचं ते माहीत असतं. ऐकून अभ्यास करणं म्हणजे लबाडी, असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हरिपाठ पुस्तक न उघडता तोंडपाठ झाला आहे.

इंग्रजीचं थोडक्यात. दोन्ही लिप्यांची दुरुस्ती एकाच वेळी काढू नका. निदान तीन-चार महिने मराठीवर जोर द्या, इंग्रजी ऐकून आणि बोलून चालू ठेवा. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचं जमत नाही, तिथे तिला जास्त त्रास होणारच.

सवलतींबद्दल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, त्यामुळे ही कोणाची मेहेरबानी नाही. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे लेखनिक मिळण्यास पात्र असलेल्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दहावीच्या परीक्षेला तिला नेमकं काय काय लागू होतं, प्रस्ताव शाळेने विभागीय मंडळाकडे कधी पाठवायचा, हे नववीतच विचारून घ्या. जानेवारीत धावपळ करणारे पालक मी दरवर्षी बघते. लेखनिक मिळाला म्हणजे झालं, असंही नाही. उत्तर मनात रचून मुद्द्यामागून मुद्दा सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. सराव परीक्षांचे निदान सहा-सात पेपर तिला असे सांगून सोडवू द्या, नाहीतर पहिल्याच पेपरात ती लेखनिकासमोर लाजून गप्प बसेल.

त्या नव्या बाईंना भेटा. त्यांनी ओळखलंय म्हणजे त्या ऐकतील. एकच मागणी करा : हिला वर्गात अचानक वाचायला उठवू नका, वाचायचंच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगा. ती तशीही तो पाठ करते आहे. मग चोरून कशाला, घरी तुमच्याबरोबर तीन वेळा वाचून जाऊ दे.

विशेष शिक्षक आठवड्यातून दोनदा मिळाले तर उत्तम. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संस्था याच विषयावर काम करतात. तालुक्याच्या गावी असाल तर शिक्षण विभागाच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा. शाळेलाच पत्र द्यायला सांगितलंत तर काम लवकर होतं. डोळे एकदा तपासून घ्या, पण चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही. रंगीत काचा, स्मरणशक्तीची सिरपं, डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे वीस-वीस हजारांचे वर्ग यांच्या दारात पाऊल टाकू नका. पैसे जातील, आणि 'यानेही जमलं नाही' ही आणखी एक जखम तिला होईल.

ज्या वाचकांच्या हातात प्रमाणपत्र नाही, त्यांच्यासाठी. अडखळत वाचणारं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसतं. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा चारातल्या एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता आला नव्हता. त्यातल्या अनेकांना नीट शिकवलंच गेलं नसेल. नीट शिकवल्यावर ती तीन-चार महिन्यांत भराभर पुढे जातात. तसं न होता त्याच त्या जागी अडत असेल, तर तपासणी करून घ्या. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मात्र दोघांना सारखाच लागू पडतो, म्हणून प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका.

मिस्टरांचं. ही अडचण अनेकदा घराण्यात चालत येते. बँकेचे कागद ते तुमच्याकडे का सरकवतात हे तुम्ही कंसात लिहिलंत, म्हणजे तुम्हालाही शंका आहेच. त्यांना तपासायला नेऊ नका, टोमणाही मारू नका. 'मी पण असाच होतो' हे वाक्य ते तुम्हाला वाद म्हणून ऐकवतात, ते त्यांनी लेकीला गोष्ट म्हणून सांगावं, एवढंच सुचवा. शाळेत काय व्हायचं, कोण हसायचं, दुकानाचा हिशेब कसा जमवला. दुकान बंद करून येताना गाडीवर सांगितलं तरी चालेल.

सगळ्यात आधी करायचं काम मी शेवटी लिहिते आहे, कारण ते अवघड आहे. तिला प्रमाणपत्र दाखवा. ती चार-पाच वेळा रुग्णालयात आली, तिच्याकडून वाचून घेतलं, लिहून घेतलं. काहीतरी आहे हे तिला कळलेलं आहे, आणि नाव माहीत नसलं की मुलं स्वतःच नाव देतात : मठ्ठ, ढ. रविवारी दुपारी, घरात पाहुणे नसताना, कागद समोर ठेवून सांगा की तुला अक्षरं उलगडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, याला डिस्लेक्सिया म्हणतात, बुद्धी व्यवस्थित आहे असं तपासणाऱ्यांनीच लिहिलंय (हे अशा अहवालात बहुतेक वेळा असतं, ती ओळ आधीच शोधून ठेवा आणि तिला बोट ठेवून दाखवा). मैत्रिणींना सांगायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.

ती लगेच हलकी होईल असं समजू नका. काही मुलं रडतात, काही दोन दिवस बोलत नाहीत. ती बहुधा विचारेल, "मग इतके दिवस माझ्यावर ओरडत का होतीस?" याचं उत्तर तिच्यासमोर बसण्याआधी तयार ठेवा. 'मला माहीत नव्हतं, माझं चुकलं' एवढं पुरे आहे. त्याच्यापुढे 'पण' जोडू नका.